मैत्रिणीच्या वाढदिवसाला आठ पानांचा घरगुती बेत

प्रश्न: मैत्रिणीला वाढदिवसाला हॉटेलातले जेवण नको, घरचे साधे पान हवे आहे, तेव्हा आठ जणांसाठी मसालेभात, मठ्ठा आणि श्रीखंड एकटीने कसे जमवावे?

उत्तर १: दोन लिटर दुधाचे दही आदल्या रात्री पंच्यात बांधून टांगावे, म्हणजे सकाळी पाऊण ते एक किलो चक्का मिळतो. साखर चक्क्याच्या पाऊणपट पुरे. बरोबरीने घातल्यास मला तरी ते फार गोड लागते.

उत्तर २: तीन वाट्या तांदूळ घ्यावेत. तोंडली उभी चिरून आधी तेलात नीट परतावीत, कारण कच्ची राहिलेली तोंडली भातात करकरतात. गोडा मसाला तांदूळ परततानाच घालावा.

प्रश्नकर्ती: आभारी आहे, पंचा आजच धुऊन ठेवते.