क्षयरोगाचा जीवाणू कॅटालेज टाकून का देत नाही?

प्रश्न (सूक्ष्मजीवशास्त्र, पदव्युत्तर प्रथम वर्ष)

प्रात्यक्षिकात काचपट्टीवरच्या स्टॅफिलोकॉकस या जीवाणूवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकताच तो फसफसला, कारण त्यातले कॅटालेज हे विकर (एन्झाइम) पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते. कॅटालेज नसलेल्या स्ट्रेप्टोकॉकसवरचा थेंब मात्र जसाच्या तसा राहिला. त्यानंतर वाचनात आले की, क्षयरोगाच्या जीवाणूतील कॅटजी हे कॅटालेज-पेरॉक्सिडेज विकर त्याचे महाभक्षी पेशीत (जंतू गिळणाऱ्या, शरीराच्या संरक्षक पेशीत) रक्षण करते, आणि आयसोनियाझिड हे क्षयरोगावरचे औषध क्रियाशील करणारे विकरही तेच. मग जीवाणू ते गमावून औषधापासून सुटका का करून घेत नाही?

उत्तर १

काही जीवाणू तसे करतात, पण त्याची किंमत मोजावी लागते. आयसोनियाझिड १९५२ मध्ये वापरात आले आणि त्यानंतर दोनच वर्षांत मिडलब्रूक या संशोधकांनी दाखवून दिले की, या औषधाला दाद न देणाऱ्या अनेक वाणांत कॅटालेज नसते आणि असे वाण गिनीपिगमध्ये फारसा रोग निर्माण करत नाहीत.

कारण पेशीच्या आत शोधावे लागते. महाभक्षी पेशी जीवाणूला गिळल्यावर त्याच्यावर सुपरऑक्साइडचा मारा करते. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते, आणि ते तसेच साचू दिले तर फेरस लोहाशी त्याचा संयोग होऊन हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो, जो डीएनएसकट समोर येईल त्याची नासधूस करतो. म्हणजे पहिल्या विकराने अर्धेच काम केलेले असते. ते पुरे करायला कॅटालेज लागते.

मात्र रुग्णांत सर्वाधिक आढळणारा बदल विकर घालवणारा नाही. कॅटजीच्या ३१५ व्या स्थानी सेरीनऐवजी थ्रिओनिन आले की हीमकडे (विकराच्या गाभ्यातील लोहयुक्त भागाकडे) जाणारी वाट अरुंद होते, त्यामुळे आयसोनियाझिड आत नीट पोहोचत नाही. पेरॉक्साइडचा रेणू लहान असल्याने तो मात्र जातो. औषध निष्प्रभ होते आणि ढाल बऱ्याच अंशी शाबूत राहते. एका अमिनो आम्लाच्या फरकाने एवढे साधावे, याचे मला आजही नवल वाटते.

उत्तर २ (क्षयरोग प्रयोगशाळेत काम)

लाइन प्रोब या जनुकीय तपासणीत आम्ही कॅटजीतला हाच बदल शोधतो. काही नमुन्यांत रिफॅम्पिसिन हे क्षयरोगावरचे दुसरे मुख्य औषध लागू पडते आणि आयसोनियाझिड पडत नाही. केवळ रिफॅम्पिसिनची तपासणी केली, तर असा रुग्ण नजरेतून सुटतो आणि त्याला अपुरे उपचार मिळतात. म्हणून दोन्ही औषधांची तपासणी व्हावी, असा माझा आग्रह असतो.

उत्तर ३

स्ट्रेप्टोकॉकसचा थेंब फसफसला नाही, यावरून तो पेरॉक्साइडपुढे हतबल आहे असे मानू नये. न्युमोनियाचा स्ट्रेप्टोकॉकस तर स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो आणि कॅटालेजविना त्यात तगतो. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज त्याच्याकडेही असते. प्रात्यक्षिकाबाबत एक सूचना: जीवाणूंची वसाहत रक्त-अगारवरून (रक्त घातलेल्या वाढ-माध्यमावरून) उचलताना अगार खरवडू नका, कारण तांबड्या पेशींतही कॅटालेज असते आणि त्यांचेच बुडबुडे दिसतात. नायक्रोमची तारही टाळा, लाकडी काडी घ्या.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. कॅटजी पूर्णपणे गमावलेला वाण पेरॉक्साइडचे काय करतो?

उत्तर १

अशा काही वाणांत एएचपीसी या पेरॉक्साइड मोडणाऱ्या दुसऱ्या विकराच्या प्रवर्तकात (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागात) बदल होऊन त्याचे उत्पादन वाढलेले आढळते. एरवी या जीवाणूत ते अत्यल्प असते, कारण ते चालू करू शकणारा ऑक्सीआर हा नियामक क्षयजंतूत निकामी झालेला आहे.