सकाळी गाडी स्टार्ट व्हायला वेळ लागतो (पेट्रोल)

वाळपई: रात्रभर उभी राहिली की स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन उशिरा पकडतं. गरम असताना एका चावीत चालू. पावसात जास्त त्रास. बॅटरी 12.6 व्होल्ट. काय तपासू?

फोंडा: स्टार्टर जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरी सोडा. आधी फुकटची चाचणी करा. चावी ऑन करून दोन सेकंद थांबा, टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाचा आवाज बंद झाला की ऑफ. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच पकडलं तर रात्रीत पेट्रोलच्या लाइनमधलं प्रेशर उतरतंय: पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा) किंवा गळका इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा). प्रेशर गेज लावून बघितल्याशिवाय पंप बदलू नका, उगाच महागात पडेल!

मडगाव: फरक पडला नाही तर कूलंट टेंपरेचर सेन्सर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणारा) तपासा. स्कॅनरवर (गाडीला जोडून सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र) थंड इंजिनचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच दिसायला हवं. पहाटे 25 अंश असताना 80 दाखवत असेल, तर ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) इंजिन गरम समजून पेट्रोल कमी सोडतो. आधी सेन्सरचा कनेक्टर उघडून बघा, आपल्या दमट हवेत पिना हिरव्या पडतात.

फोंडा: बरोबर. पावसातच वाढतं म्हणून कॉइलचे (स्पार्क प्लगला करंट देणारी) रबर बूटही, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या टोप्या, काढून बघा. आत ओल किंवा पांढरी रेघ असेल तर स्पार्क गळतोय. बूट बदला, प्लगच्या टोकांमधली गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा.