सगळ्या नातेवाईकांसमोर "घरात कुणाला मानसिक आजार आहे का" हे डॉक्टरांनी विचारायचं का?

अमळनेरकर: भावाची झोप उडाली, बडबड वाढली म्हणून जळगावला मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत आई, वहिनी आणि वहिनीचे वडील. पहिलाच प्रश्न हा. आई लगेच, "आमना घरमा असं काही नही". आता वहिनीच्या माहेरी कुजबुज सुरू. आपल्याकडे सोयरीक करताना घराण्याची चौकशी आधीच किती होते माहितीये ना, मग समोर बसलेला पेशंट तपासा की, वारलेल्या काकाची चौकशी कशाला?

तापीकाठची सिस्टर: काकाची चौकशी लागतेच हो. पेशंट उदास म्हणून येतो, पण घरात कुणाला बायपोलर (कधी खोल उदासी, कधी अति तेजी असा आजार) असेल तर नुसती डिप्रेशनची गोळी देताना डॉक्टर जपून राहतात, कारण त्याने कधीकधी पेशंट उलट तेजीत जातो. लिथियम हे बायपोलरचं औषध एखाद्या नातेवाईकाला लागू पडलं असेल तर तेही कामाचं. आणि एखाद्या बाईच्या आईला किंवा बहिणीला बायपोलर असेल तर तिच्या बाळंतपणानंतरचे आठवडे फार सांभाळावे लागतात. हे लपवून कुणाचं भलं झालं?

रावेरचा केळीवाला: सिस्टर, पुस्तकात ठीक. स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होतात तो आजार) 100 मध्ये साधारण 1 जणाला होतो, आई किंवा बाप आजारी असेल तर 10 च्या आसपास, म्हणजे 90 पोरं धडधाकट, पण गावात शिक्का सगळ्या 100 वर बसतो ना! बहिणीचं स्थळ असंच मोडलंय आमच्याकडे.

चोपडेकर: दोघंही बरोबर कसे असतील असं वाटेल, पण भांडण प्रश्नाचं नाहीच, तो कुणासमोर विचारला त्याचं आहे. व्याह्यांना बाहेर बसवायचं, मग आईला एकटीला विचारायचं, कुणी विहिरीत उडी घेतली का, कुणी घर सोडून गेलं होतं का, कुणाला भगताकडे नेलं होतं का, दारू कोण फार प्यायचं. असं विचारलं की बाया भडाभडा सांगतात (आमची आजी तर चार पिढ्यांचं सांगेल). 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात माहिती गुप्त ठेवायचा हक्क पेशंटला दिलेलाय.

रावेरचा केळीवाला: कायदा कागदावर. फाईल तर घरीच येते, कपाटातून कुणीही काढून वाचतं.

तापीकाठची सिस्टर: मग फाईल भावाच्याच हातात द्या ना, त्यासाठी डॉक्टरांनी विचारायचंच नाही का?

अमळनेरकर: आईला पुढच्या वेळी एकटीला आत पाठवतो. पण व्याह्यांसमोर विचारणं मला आजही चूकच वाटतं.