कन्नड आणि मराठी करोडपतीत आवाज तोच कसा?

शहापूरचा पोरगा: आमच्या घरात कन्नड, मराठी दोन्ही चॅनेल चालायचे. 2012 ला पुनीत राजकुमारांचं 'कन्नडद कोट्यधिपती', 2013 ला सचिन खेडेकरांचं 'कोण होईल मराठी करोडपती'. आज्जी आत मेथी निवडत बसायची. उत्तर लॉक झाल्याचा आवाज आला की विचारायची, "कुठलं लावलास रे?" कुणी बोलेपर्यंत कळायचंच नाही. चोरतात काय हे?

निपाणीकर नाना: चोरी कुठली? खेळाचे हक्क घेतले की संगीत पण येतंय बाळा. मूळ खेळ ब्रिटनचा, 1998 चा 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर'. संगीत कीथ आणि मॅथ्यू स्ट्रॅचन या बापलेकांचं. 2000 च्या हिंदी केबीसीतही तेच. मूळ कार्यक्रम नीट कान देऊन ऐक. वरच्या रकमांना दर प्रश्नागणिक मागचं संगीत अर्धा स्वर वर सरकतंय. घाम तिथंच फुटतोय!

खानापूरवाला: अमेरिकेत हे आधीपासून आहे की. 'द प्राइस इज राइट' (1972 चा नवा अवतार) आणि 'फॅमिली फ्यूड' (1976) हे टीव्हीवरचे दोन्ही खेळ गुडसन-टॉडमन कंपनीचे. घंटा, बझर माणूस बटण दाबून वाजवायचा. घरचीच घंटा या खेळातून त्या खेळात. नवी कोण करत बसतंय?

शहापूरचा पोरगा: नाना, मग आमच्या गल्लीत गणपतीच्या प्रश्नमंजुषेला मोबाइलवर तेच वाजवतात, त्याचे हक्क कुणी घेतले?

निपाणीकर नाना: गप बस की जरा.