कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटची पदवी घ्यायची आहे : अभ्यासक्रम कसा पारखावा आणि कशावर भर द्यावा?

उंबरठा :
नमस्कार मंडळी. बांधकाम क्षेत्रातच काम करायचं हे नक्की आहे आणि त्यासाठी विद्यापीठात कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट घ्यायचा विचार पक्का होत आलाय. माहितीपत्रकं सगळी सारखीच दिसतात, त्यामुळे इथल्या जाणकारांना विचारतोय. सिव्हिल घ्यावं की हे? अभ्यासक्रमात नेमकं काय असलं की तो चांगला समजावा? आणि पहिल्या वर्षापासून वेळापत्रकाचं एखादं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं तर फायदा होईल का? नेमकी उत्तरं मिळाली तर फार मदत होईल.

ओळंबा :
आधी फरक स्पष्ट करून घ्या. बीम किती खोल हवा, त्यात सळई किती आणि कुठे, हे सिव्हिलवाला ठरवतो. तोच बीम कोणत्या क्रमाने, किती माणसांत, किती दिवसांत, किती खर्चात आणि कोणाच्या जबाबदारीवर उभा राहील, हे कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटवाल्याचं काम. पुढे स्ट्रक्चरल डिझाइनवर सही करायची इच्छा असेल तर सिव्हिलच घ्या, व्यवस्थापन नंतरही शिकता येतं. साइट चालवायची, निविदा भरायच्या, नियोजन करायचं असेल तर ही पदवी योग्य.

अभ्यासक्रमाचं नाव बघू नका, विद्यार्थ्यांकडून काय करून घेतात ते बघा. शेवटच्या वर्षातल्या मुलांचे प्रकल्प मागून घ्या आणि चाळा. एका अख्ख्या इमारतीच्या ड्रॉइंगवरून मोजमाप, दर विश्लेषण, वेळापत्रक आणि निविदा असा पूर्ण संच त्यांनी हाताने केलेला असेल तर तो विभाग काम शिकवतो. नुसते सर्वेक्षणाचे आलेख आणि प्रश्नावल्या दिसल्या तर जरा थांबा.

दुसरी खूण म्हणजे तात्पुरती कामं. शटरिंग, परांची, खोदाईच्या बाजूंना आधार. बऱ्याच ठिकाणी हा विषय एका तासात उरकतात, आणि काम चालू असताना होणाऱ्या पडझडीत वारंवार हेच सापडतं. १५० मिमी जाडीच्या स्लॅबचं ओलं काँक्रीट दर चौरस मीटरला साधारण ३७५ किलो. त्यावर माणसं, अवजारं आणि शटरिंगचं वजन म्हणून आणखी २०० किलो धरा. टेकू १.२ मीटर अंतरावर असतील तर एकेका टेकूवर १.४४ चौरस मीटरचा भार, म्हणजे ८३० किलोच्या आसपास. खाली फळी न ठेवता तो भरावाच्या मातीवर उभा केला तर खचणारच. कॉलमचं गणित वेगळं: ३ मीटर उंच कॉलम एका दमात भरला तर तळाशी शटरिंगवर दर चौरस मीटरला ७ टनांहून जास्त दाब येऊ शकतो. थंडीत काँक्रीट सावकाश आवळतं, म्हणून तो दाब जास्त वेळ टिकतो. हे हिशेब वर्गात करून घेतात का, ते थेट विचारा.

मोजमापवही :
ओळंबा यांना अनुमोदन. सॉफ्टवेअरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिली दोन वर्षं हाताने मोजमाप करा. ज्याला परिमाण काढता येत नाही, त्याचं वेळापत्रकही चुकतं आणि बिलही.

६ × ४ मीटरचा, १५० मिमीचा स्लॅब घ्या. काँक्रीट ३.६ घनमीटर. १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) या प्रमाणात सुका माल १.५४ पट लागतो, कारण खडीतल्या पोकळ्या वाळू भरते आणि वाळूतल्या सिमेंट. म्हणजे १ घनमीटरला सिमेंट सुमारे ४०० किलो (५० किलोच्या ८ गोण्या), वाळू ०.४२ आणि खडी ०.८४ घनमीटर. पूर्ण स्लॅबला २९ गोण्या, दीड घनमीटर वाळू, तीन घनमीटर खडी. यात वाया जाणारा माल धरलेला नाही. आणि घमेल्याने किंवा फर्म्याने मोजत असाल तर लक्षात ठेवा, ५ टक्के ओलसर वाळू २५-३० टक्क्यांपर्यंत फुगते. कोरड्या वाळूचंच माप तिला लावलं तर प्रत्यक्षात वाळू कमी पडते आणि काँक्रीट खरबरीत, पोकळ येतं.

आता सळई. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १० मिमीची ०.६१७, ८ मिमीची ०.३९५. चार मीटरच्या दिशेत १० मिमी सळई १५० मिमी अंतरावर: ६००० भागिले १५० म्हणजे ४०, अधिक १. हा 'अधिक १' विसरणं ही पहिल्या वर्षाची ठरलेली चूक. ४१ × ४ = १६४ मीटर, १०१ किलो. आडव्या दिशेत ८ मिमी २०० मिमी अंतरावर: २१ × ६ = १२६ मीटर, ५० किलो. टोकांचे बाक, जोड आणि वरच्या सळया यात अजून यायच्या आहेत.

खरी मेख कापण्यात असते. सळई १२ मीटरची आली, तर ४ मीटरचे तीन तुकडे पडतात, काहीच उरत नाही. पण बाक धरून लांबी ४.३ मीटर झाली की दोनच तुकडे निघतात आणि ३.४ मीटर उरतात, म्हणजे २८ टक्के. तो तुकडा दुसऱ्या कोणत्या बीममध्ये, कोणत्या लिंटेलमध्ये जाईल हे बार बेंडिंग शेड्यूल (सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता) करतानाच ठरवायचं असतं. ते नाही केलं तर भंगारात जातो. मला हा विषय अतिशय आवडतो, कारण कागदावरच्या अर्ध्या तासाच्या विचाराने टनांनी स्टील वाचतं.

खोदाईत तर नवखे हमखास फसतात. ड्रॉइंगवर फूटिंग (कॉलमचा पाया) १.५ × १.५, खोली १.५ मीटर, म्हणजे ३.४ घनमीटर. पण आत उतरून शटरिंग लावायला चहूबाजूंनी अर्धा मीटर जागा हवी, म्हणजे खड्डा २.५ × २.५ चा, ९.४ घनमीटर. सुटी झालेली माती चतुर्थांशाने फुगली की ट्रकमध्ये ११.७ घनमीटर. ड्रॉइंगच्या आकड्याच्या जवळपास साडेतीन पट माती उचलावी लागते. करारात मोजमाप कोणत्या आकड्याने होणार, हे दर भरण्याआधी वाचायचं.

आडवी रेघ :
वेळापत्रकाबद्दल लिहितो. क्रिटिकल पाथची (ज्या सलग कामांवर शेवटची तारीख ठरते, त्यांच्या साखळीची) पद्धत १९५० च्या दशकाच्या शेवटी ड्यूपॉन्ट आणि रेमिंग्टन रँड यांच्या कामातून आली. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमासाठी पर्ट ही अशीच नियोजनाची पद्धत तयार झाली तीही त्याच सुमारास. आज सॉफ्टवेअर तेच गणित क्षणात करतं, पण कागदावर कामांची किमान पाच-सहा जाळी सोडवल्याशिवाय ते काय करतंय हे कळत नाही.

छोटं उदाहरण. खोदाई ५ दिवस, मग पीसीसी (तळाचं बिनसळईचं काँक्रीट) २ दिवस. दुसरीकडे सळई कापणं-वाकवणं ४ दिवस. दोन्ही संपलं की सळई बांधणी ३ दिवस, मग काँक्रीट १ दिवस. एकूण ११ दिवस, आणि सळई वाकवण्याला ३ दिवसांचा फ्लोट. ते काम तीन दिवस लांबलं तरी शेवटची तारीख हलत नाही, चौथ्या दिवशी हलते. मात्र खोदाई एक दिवस जरी लांबली तरी सगळंच एक दिवस पुढे जातं. मुकादम कोणत्या कामावर माणसं वाढवायची विचारतो तेव्हा उत्तर इथून मिळतं.

चुका कुठे होतात? पहिली: कालावधी इच्छेने टाकणं. प्लास्टर ४०० चौरस मीटर, चार गवंडी, प्रत्येकाचं रोजचं १० चौरस मीटर धरलं तर १० दिवस. 'आठवडाभरात होईल' हे उत्तर नव्हे. दुसरी: खरेदी वेळापत्रकात नसणं. लिफ्ट किंवा दर्शनी काचकामाला शॉप ड्रॉइंग (बनवणाऱ्याने काढलेले तपशीलवार नकाशे) २ आठवडे, मंजुरी २, उत्पादन १०, वाहतूक २ असे १६ आठवडे लागणार असतील तर ते चार स्वतंत्र टप्पे म्हणून टाका. 'लिफ्ट बसवणे' अशी एकच पट्टी काढली की ऑर्डर देण्याची तारीख कुणाच्या डोळ्यांसमोर राहत नाही. तिसरी जरा बारीक आहे: क्युरिंग सुट्टीच्या दिवशीही चालतं, माणसं नाहीत. दोन्हींना सहा दिवसांचंच कॅलेंडर लावलं तर ७ दिवसांचं क्युरिंग उगाच ८ दिवसांचं दिसतं आणि मजल्यागणिक तो फरक साचत जातो.

खर्चाच्या बाजूने अर्न्ड व्हॅल्यू (झालेल्या कामाची किंमत ठरलेल्या कामाशी आणि खर्चाशी ताडणं) शिकाच. एकूण बजेट १००. आजपर्यंत ५० चं काम व्हायला हवं होतं, झालं ४० चं, खर्च ४८. वेळेचा निर्देशांक ०.८, खर्चाचा ०.८३. हाच वेग राहिला तर शेवटी एकूण खर्च १२० वर. एक सावधगिरी: काम पूर्ण होताना वेळेचा निर्देशांक आपोआप १ होतो, प्रकल्प वर्षभर उशिरा संपला तरी. म्हणून शेवटच्या तिमाहीत त्यावर विसंबू नका, क्रिटिकल पाथच बघा.

करारनामा :
तिघांनीही तांत्रिक बाजू चांगली मांडली आहे, पण कराराचा विषय मुलं सर्वांत कमी गांभीर्याने घेतात, म्हणून कळकळीने सांगते. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं रेड बुक, म्हणजे नमुना करार, पहिल्यांदा १९५७ मध्ये आलं. आराखडा मालकाचा आणि मोजमापाप्रमाणे पैसे, अशा कामांसाठी ते. यलो बुकात डिझाइनही ठेकेदाराचं, सिल्व्हर बुकात जवळपास सगळी जोखीम ठेकेदाराची. १९९९ च्या आवृत्तीत मुदतवाढ किंवा जादा रकमेचा दावा असेल तर कारण कळल्यापासून २८ दिवसांत सूचना द्यावी लागते, नाहीतर हक्कच जातो. दावा कितीही न्याय्य असला तरी.

म्हणून रोजनिशी. हवामान, कामाप्रमाणे माणसांची संख्या, कोणतं यंत्र किती तास बंद आणि कशामुळे, कोणत्या भागात किती वाजता काँक्रीट पडलं, क्यूबचे (ताकद तपासायला भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे) क्रमांक, कोणी तोंडी काय सांगितलं. तोंडी सूचनेची त्याच दिवशी लेखी पोच मागायची. वर्गात याचा सराव नसेल तर काल्पनिक साइट धरून दोन आठवडे लिहून बघा.

बदलाची मंजुरी ही नुसती कागदी औपचारिकता नव्हे. १९८१ मध्ये कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलचे झुलते पादचारी मार्ग कोसळून ११४ जण गेले. मूळ आराखड्यात वरून खालपर्यंत एकच अखंड सळई दोन्ही मजल्यांचे मार्ग पेलणार होती. बनवायला सोपं म्हणून तिच्या जागी दोन सळया आल्या, खालचा मार्ग वरच्याला टांगला गेला, आणि वरच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. शॉप ड्रॉइंग तपासताना ते गणित कोणी पुन्हा केलंच नाही. 'किरकोळ बदल' हा शब्द दिसला की हे आठवा.

आणि रोख रक्कम. त्याच फिडिकप्रमाणे बिल दिल्यावर प्रमाणपत्राला २८ दिवस, पैसे येईपर्यंत एकूण ५६. महिन्याच्या सुरुवातीला केलेल्या कामाचे पैसे जवळजवळ तीन महिन्यांनी हातात पडतात, मजुरी मात्र आठवड्याला द्यावी लागते. नफा ५ टक्के आणि रिटेन्शनही (मालकाने बिलातून राखून ठेवलेली रक्कम) ५ टक्के असेल तर तेवढा काळ सगळा नफा मालकाकडेच अडकलेला. चांगल्या चाललेल्या कंपन्यासुद्धा इथे गुदमरतात. कॅश-फ्लोचा तक्ता हाताने काढायला शिकवतात का, हेही विचारून घ्या.

उंबरठा :
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर अपेक्षित नव्हतं. दोनच शंका. इंटर्नशिपच्या आठ आठवड्यांत काय धरावं? आणि ड्रॉइंग वाचण्याची सुरुवात कुठून करावी?

ओळंबा :
आठ आठवड्यांत सगळी साइट बघायला जाऊ नका. एक स्लॅब धरा आणि ड्रॉइंगपासून बिलापर्यंत त्याच्या मागे राहा. स्वतः मोजमाप काढा, मागवलेल्या मालाशी ताडून पाहा, फरक का आला ते विचारा. काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी स्वतः फिरून तपासा: कव्हर ब्लॉक (सळई शटरिंगपासून दूर ठेवणारे ठोकळे) ड्रॉइंगप्रमाणे आहेत का, सळयांचे जोड एकाच रेषेत तर आले नाहीत ना, टेकू ओळंब्यात आणि फळीवर आहेत का, विजेचे पाइप आणि प्लंबिंगची भोकं राहिली नाहीत ना, व्हायब्रेटर दोन आहेत का (एक बंद पडतोच), क्यूबचे साचे तेल लावून ठेवलेत का. ७ आणि २८ दिवसांच्या निकालापर्यंत पाठपुरावा करा.

काँक्रीटचा ट्रक आला की पाण्याकडे लक्ष. ६ घनमीटरच्या ट्रकमध्ये 'जरा पातळ करा' म्हणून १०० लिटर ओतलं तर घनमीटरला १७ लिटर वाढतं. ३६० किलो सिमेंटला १८० लिटर, म्हणजे ०.५० असलेलं पाणी-सिमेंट प्रमाण ०.५५ च्या जवळ जातं, आणि ताकद तिथेच घटते. पातळपणा हवा असेल तर मिश्रणात ठरल्याप्रमाणे प्लास्टिसायझर वाढवायचा, पाणी नाही.

सुरक्षेचं एकच सांगतो, दीड मीटरहून खोल चरात आधाराशिवाय कोणीही उतरायचं नाही, 'दोन मिनिटांसाठी'सुद्धा नाही. १ घनमीटर मातीचं वजन दीड टनाहून जास्त भरतं, आणि काढलेली माती काठाला लागून टाकली की तोच काठ आधी ढासळतो.

मोजमापवही :
ड्रॉइंगसाठी एका लहान इमारतीचा पूर्ण संच मिळवा: आर्किटेक्चरल, स्ट्रक्चरल, प्लंबिंग, विद्युत. एकाच मजल्याचे चारही नकाशे एकाच मापात छापून एकमेकांवर ठेवा आणि उजेडासमोर धरा. कॉलमच्या ग्रिडरेषा जुळतात का, बीम दाराच्या वर कुठे येतो, मैलापाण्याचा पाइप बीममधून तर जात नाही ना, जिन्याखाली डोक्याला उंची पुरते का. जिथे जुळत नाही तिथे ग्रिड क्रमांकासह एक ओळीचा प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर 'हो', 'नाही' किंवा एका मापात देता येईल. साइटवर त्यालाच आरएफआय म्हणतात. आणि माप घेण्याआधी उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत सुधारणेचा क्रमांक वाचायची सवय आतापासून लावा. साइटवर जुनी आणि नवी प्रत शेजारीशेजारी पडलेली असते.