डिशला सिग्नल नाही! तुमचे गच्चीवरचे किस्से सांगा

टिपूर
माळा आवरताना काळ्या केबलचं भेंडोळं हाती आलं. टोकाला अजून कनेक्टर, त्यावर बाबांनी गुंडाळलेली चिकटपट्टी. आणि कानात तो संवादच सुरू झाला.
"आला का?" "नाही!" "आता?" "नाही!" "आता?" "आला होता, गेला!"

बाबा गच्चीवर, आजी टीव्हीपुढे आणि मी जिन्याच्या वळणावर, खालचं वर पोचवायला. गंमत अशी की सिग्नल मिळायचा. पण बॉक्सला तो पकडून चित्र दाखवायला काही क्षण लागतात. आजी "आला" म्हणणार, मी ते वर ओरडणार, तोवर बाबांनी डिश पुढे सरकवलेली. मग ते उलटे मागे येणार, तेही तितक्याच घाईने. जुन्या अँटेनाचं बरं होतं, मुंग्या कमी कमी होत जायच्या, जवळ आलोय हे कळायचं. डिजिटलला अधलंमधलं काही नाही. एकतर लख्ख, नाहीतर निळा पडदा.

शेवटी आईने सूत्रं हातात घेतली. केसभर हलवा, हात काढा, दहापर्यंत मोजा, मगच पुढचं. त्या संध्याकाळी चित्र आलं, बाबा मात्र थोडे रुसले होते.

तुमच्याकडे काय काय झालं? बिघाड कसा सापडला तेही लिहा.

मधलीसुट्टी
अगदी अगदी! जिन्यातली पोस्ट आमच्याकडे दादाची. तो कंटाळला की मनानेच "आला" सांगून खेळायला पळायचा 😂

खटपट्या
सिग्नल गेला की लोक आधी डिश पिरगाळतात. नका हो. काल चालू होती, रात्री वारावादळ नाही, मग डिश जाणार कुठे? आधी केबलची टोकं बघा. कनेक्टर बसवताना बाहेरच्या जाळीची एखादी बारीक तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकली की खेळ खलास. बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला (डिशपुढची सिग्नल पकडणारी डबी) १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो, ते तिथेच शॉर्ट होतात. म्हणून टोकांना हात लावण्याआधी बॉक्सचा प्लग काढा.

रानवारा
@खटपट्या, आमच्याकडे निम्मे चॅनल दिसायचे आणि निम्मे नाहीत. सगळे म्हणायचे पॅक संपला असेल. पॅक होता!

खटपट्या
केबल लांब होती का? किंवा मध्ये जोड?

रानवारा
दोन्ही 🙈 आणि जोड गच्चीच्या कठड्यावर, उघडा.

खटपट्या
मग तेच. १३ व्होल्टला एलएनबी उभ्या ध्रुवणाचे (म्हणजे ज्यांच्या लहरी उभ्या डोलतात ते) चॅनल घेतो, १८ ला आडव्या. गंजलेल्या जोडात व्होल्ट गळतात, वर १८ पोचतच नाहीत, एलएनबीला वाटतं अजून उभेच मागतायत. आडवे सगळे गुल. सलग एक केबल टाकायची, जोड टाळता येत नसेल तर निदान छपराखाली घ्यायचा.

निवांत
मी टीव्ही बघणं सोडलंय. पण धागा मस्त. वाचतोय.

सावळागोंधळ
आमच्या आजोबांनी मला लावू दिली नाही, स्वतःच लावली. चित्र आलं, स्वच्छ. फक्त भाषा कुणालाच कळेना. टीव्हीचे हे सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर एकाच कमानीत, जमिनीपासून साधारण ३६,००० किमीवर. खाली डिश दोन-तीन अंश सरकली की वर शेजारच्याच्या घरात. आम्ही दुरुस्त करायला निघालो तर म्हणाले, राहू दे, एक मालिका चांगली चालू आहे. ती त्यांनी बरेच दिवस बघितली. संवाद स्वतः म्हणायचे.

मधलीसुट्टी
आजोबांना साष्टांग 🙏😂

ओलीचिंब
घाईत लिहितेय, कपडे वाळत घालायचेत. त्यावरूनच आठवलं. आमचा सिग्नल ठरावीक दिवशी सकाळी जायचा आणि दुपारी आपोआप यायचा. तंत्रज्ञ यायचा तेव्हा सगळं ठीक, तो आमच्याकडेच संशयाने बघायचा. काकूंनी एक दिवस ओळखलं. वाळणाच्या दोरीचं एक टोक डिशच्या खांबाला होतं! चादरी धुतल्या की ओल्या वजनाने खांब झुकायचा, वाळल्या की परत जागेवर. खांब अगदी सरळ उभा आहे का ते ओळंबा लावून बघा, हे त्या तंत्रज्ञाला काकूंनी शिकवलं.

टिपूर
@ओलीचिंब हे फार भारी आहे 😂

अंगण
आमचं भांडण झाडावरून होतं. शेजाऱ्यांचं झाड आड येतं असं घरातल्या सगळ्यांचं ठाम मत. डिश बघावी तर तोंड थेट त्या झाडाच्या बुंध्याकडे. पण या डिशचा एलएनबी मध्ये नसतो, खालच्या दांड्यावर असतो. त्यामुळे डिश दिसते तशी बघत नाही. जिकडे बघतेय असं वाटतं त्याच्या वीसेक अंश वर तिचं खरं लक्ष असतं. बुंध्याचा संबंध नव्हता, वरच्या फांदीचा होता, आणि ती आमच्याच झाडाची निघाली. पुढचं विचारू नका.

खात्री करायची युक्ती सांगते. वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धात फेब्रुवारीअखेर ते मार्च आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, काही दिवस ठरावीक वेळी थोडी मिनिटं सिग्नल जातो. सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नसतं, गप्प बसायचं. पण त्याच वेळी गच्चीवर जाऊन डिशवर कशाची सावली पडते ते बघा. जी पडते ती वस्तू वाटेत आहे. (सूर्याकडे बघू नका, सावलीकडेच.)

निवांत
हे सावलीचं जबरदस्त आहे. टीव्ही नाही तरी गच्चीवर जाऊन येणार.

भिजकीकोंबडी
कुणाला पावसात त्रास होतो का? आमचा थेंब पडायच्या आत जातो.

खटपट्या
जोराच्या पावसात जाणारच, त्या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास, पाऊस त्या खातो. जुन्या मोठ्या सी-बँड डिशच्या लहरी त्याच्या तिप्पट लांब, त्यांना कमी त्रास. थेंब पडायच्या आत म्हणताय ते काळ्या ढगांमुळे, पाऊस तुमच्या आधी सिग्नलच्या वाटेवर पडत असतो. पण पाऊस थांबून ऊन पडलं तरी सिग्नल नाही, तर पाणी आत शिरलंय. एलएनबीची प्लॅस्टिकची टोपी तडकली आहे का बघा. केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, पाणी तिथून ठिबकून जातं.

भिजकीकोंबडी
टोपी बघायला गेले. आत गांधीलमाश्यांचं घर. खाली आले. 🐝

ओलीचिंब
संध्याकाळी जाऊ नकोस गं, तेव्हा सगळ्या घरी असतात.

मधलीसुट्टी
आमच्या भाच्याने बॉक्स फॅक्टरी रिसेट केला होता. डिश, केबल, सगळं तपासून झालं, आणि मेन्यूत एलएनबीचा आकडा भलताच. ९७५० आणि १०६०० हवे होते. आकडे भरले, चित्र हजर. भाचा म्हणाला, मी काही केलंच नाही.

रानवारा
स्ट्रेंथ ७० आणि क्वालिटी शून्य म्हणजे काय? आत्ता समोर तेच दिसतंय.

खटपट्या
स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून काहीतरी येतंय, त्यात गोंगाटही आला. आकाशाकडे कुठेही तोंड केलं तरी ती दिसते. क्वालिटी बघत फिरवायची. आणि फोनचं होकायंत्र लोखंडी खांबाला चिकटवून धरू नका, चार पावलं लांब उभे राहा.

रानवारा
क्वालिटी आली! पण हे चॅनल आपले नाहीत.

टिपूर
😂😂 @सावळागोंधळ, आजोबांना विचार, बघायचं का त्यांना.

निवांत
त्या मालिकेचं पुढे काय झालं?

सावळागोंधळ
थोरलीचं लग्न झालं. निदान आजोबांनी तसं सांगितलं. आजीच्या मते ती कोर्टात उभी होती.