कॉम्प्युटर सकाळी सुरूच होत नाही, दुपारी मात्र ठणठणीत. दुरुस्त करू की नवीन घेऊ? (माशेल, गोवा)

माशेलची_सून
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. घरी जुना असेंबल्ड डेस्कटॉप आहे, आय३ चौथी जनरेशन, एच८१ बोर्ड, ८ जीबी रॅम, मागे कधीतरी एसएसडी घातलेली. सासरे त्यावर जत्रेच्या नाटकांच्या संहिता टाइप करतात त्यामुळे आमच्याकडे या डब्याला टीव्हीपेक्षा जास्त मान. पाऊस लागल्यापासून मात्र त्याचीच नाटकं सुरू झालीत. सकाळी बटण दाबलं की पंखा गरकन फिरतो आणि बंद, मग आपोआप परत फिरतो, परत बंद, हे चालूच. स्क्रीनवर काहीच नाही, कंपनीचा लोगो पण नाही. दाबत राहिलं की कधीतरी अचानक सुरू होतो आणि मग रात्रीपर्यंत काही तक्रार नाही, मधे रिस्टार्ट केला तरी होतो. रात्री वीज कडाडते म्हणून आम्ही भिंतीवरचा स्विच बंद करतो, सकाळी पुन्हा तेच. तारीखवेळ पण मागे गेलेली असते. एका दुकानात नेला तर न उघडताच मदरबोर्ड गेला म्हणाले, नवीन घ्या. चतुर्थीच्या आधी संहिता मंडळाला द्यायचीय, सासरे नुसते फेऱ्या मारतायत.

उंडो_पाव
विंडोज करप्ट झालं असणार. फॉरमॅट मारा आणि नवीन टाका, माझा तसाच झाला होता.

रातांबा
उंडो_पाव, लोगोच येत नाही म्हणतायत त्या. विंडोजची पाळी येते ती बायॉसने (बोर्डवरचा अगदी पहिला चालणारा प्रोग्राम) रॅम, प्रोसेसर, डिस्क सगळं तपासून झाल्यावर. तिथपर्यंत गाडी पोचतच नाही तर फॉरमॅट करून काय होणार, उलट संहिता जायची. ताई, फॉरमॅट अजिबात करू नका.

तुम्ही लिहिलंय त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत, एक म्हणजे थंड असताना होत नाही आणि एकदा झाला की दिवसभर चालतो, दुसरी म्हणजे रात्री भिंतीवरचा स्विच बंद. माझा पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे भिंतीवरची वीज घेऊन बोर्डला पुरवणाऱ्या भागावर. त्याच्या आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, त्यातलं द्रव वर्षानुवर्षं सुकत जातं, मग बटण दाबल्यावर लागणारा पहिला जोर त्यांना झेपत नाही, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड लगेच सगळं बंद करतो. थोडे गरम झाले की तेच कपॅसिटर बरे वागतात. जुन्या स्कूटरला सकाळी किका माराव्या लागतात ना, तसलाच प्रकार. आणि भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएसचा ५ व्होल्टचा स्टँडबाय (कॉम्प्युटर बंद असतानाही चालू राहणारा) भाग जागा असतो, थोडी ऊब राहते. तुम्ही तो बंद करता म्हणून सकाळी सगळंच गारठलेलं.

घड्याळाचं पण त्यातच आलं. बोर्डवरचा गोल सेल, सीआर २०३२, संपलेला असणार. स्विच चालू असला की घड्याळ स्टँडबायवर चालतं, सेल मेलाय ते कळतच नाही. सेल बदला, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. काही बोर्ड मेलेल्या सेलमुळे पण सुरू व्हायला कटकट करतात, म्हणून तो आधी बदलून बघितलेला बरा.

आता तपासणी. सोपी आणि खात्रीची एकच: शेजारपाजारच्या कुणाचा चालू एसएमपीएस उसना आणा, डब्यात न बसवता बाजूला टेबलावर ठेवून बोर्डची मोठी २४ पिनांची वायर आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची वायर जोडा, एसएसडीची पण, आणि सकाळीच बटण दाबा. दुपारी करून काही कळणार नाही. हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडून बघायची युक्ती लोक सांगतात, त्यात पंखा फिरला की एसएमपीएस जिवंत आहे इतकंच समजतं, बोर्डाचा भार घेतो की नाही ते नाही. मल्टीमीटर असेल तर १२ व्होल्टची पिवळी वायर ११.४ ते १२.६ मध्ये हवी, ५ ची लाल ४.७५ ते ५.२५ मध्ये, आणि बंद असताना स्टँडबायची जांभळी ५ च्या आसपास.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. वायर काढून ठेवली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

पिंपळकट्टा_म्हापसा
रातांबाशी सहमत पण रॅम विसरू नका हो. पावसात आपल्याकडे चपलांना बुरशी येते तर रॅमच्या पट्टीवर काय होत असेल. स्विच बंद करून रॅम काढा, सोनेरी पट्ट्या साध्या शाळेच्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका आणि कट्कन आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. बोर्डला छोटा स्पीकर जोडलात (अगदी किरकोळ किंमत) तर अजून सोपं, सगळी रॅम काढून चालू केल्यावर बीप वाजले तर बोर्ड आणि प्रोसेसर बोलतायत, म्हणजे 'मदरबोर्ड गेला' हा निकाल परत घ्यायला लागेल.

आणि डब्यात मुंग्या बघा. चेष्टा नाही, जूनमध्ये उबेला येऊन बसतात. माझ्या बहिणीच्या डब्यात पॉवर बटणाच्या मागे अख्खं वारूळ होतं, पांढऱ्या अंड्यांसकट, बटण अर्धवट दाबलेलंच राहायचं.

खाजन
यूपीएसवरून चालवता का? मग एकदा यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीवर लावून बघा. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोनचार वर्षांत दमते आणि दोष कॉम्प्युटरला. वायरमन आला की सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट दाखवतंय तेही बघायला सांगा, दोनतीनच्या वर असेल तर अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तिसरी पिन नुसती शोभेला असते. आणि वीज कडाडते तेव्हा भिंतीवरचा स्विच पुरत नाही, प्लगच काढा, राउटरची लॅन वायर पण. आमचा बोर्ड लॅनमधून जळला होता.

माशेलची_सून
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. शनिवारी भाचा आला होता, त्याने सेल बदलला, रॅम पुसली (मुंग्या नाहीत, पण एक वाळलेली पाल निघाली, सासूबाईंनी लगेच सगळं बाहेर व्हरांड्यात न्यायला लावलं). तरी रविवारी सकाळी तेच. यूपीएस काढूनही तेच. मग समोरच्या घरातला एसएमपीएस आणून लावला आणि पहिल्याच बटणाला लोगो! परत जुना लावला, परत नाटकं. जुन्याची जांभळी वायर भाच्याच्या मीटरवर ४.३ दाखवत होती. म्हणजे बोर्ड बराच आहे. देव बरें करूं तुमचं.

आता सांगा एसएमपीएस कुठला घेऊ? आणि नवरा म्हणतो विंडोज १० बंद झालंय, मग यावर पैसे कशाला घालायचे.

रातांबा
जांभळी ४.३ म्हणजे प्रश्नच मिटला, स्टँडबायच कमी पडतोय.

तुमच्या मशीनला ग्राफिक्स कार्ड नाही, सगळं मिळून १०० वॅटसुद्धा क्वचित ओढेल, त्यामुळे कोर्सेअर, कूलर मास्टर, अँटेक यातला ४५० वॅटचा ८० प्लसवाला (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का) कुठलाही पुरे. स्वस्त कॅबिनेटसोबत येतो तो '५०० वॅट' लिहिलेला हलका डबा नको, हातात घेऊन वजन बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा, एसएमपीएसला काही वर्षांची वॉरंटी असते आणि आपल्या हवेत ती कामाला येते.

यजमानांचा मुद्दा खरा आहे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या जनरेशनला ११ अधिकृतपणे चालत नाही. पण तुम्हाला मराठी टायपिंगच करायचंय ना, विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाका, त्यातल्या लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखंच) युनिकोड मराठी, म्हणजे कुठल्याही मशीनवर तशीच दिसणारी अक्षरं, व्यवस्थित चालतं. फक्त सासरे जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात टाइप करत असतील तर आधी फाईली बदलून घ्याव्या लागतील, ते विचारून घ्या. हे सगळं चतुर्थीनंतर. त्याआधी संहिता पेनड्राइव्हवर आणि सासऱ्यांच्या मोबाईलवर कॉपी.

बोर्ड जाईल तेव्हा मात्र त्यावर पैसे घालू नका, डीडीआर३ चे (तुमच्या जुन्या पिढीच्या रॅमचे) बोर्ड आता बरेचसे सेकंडहँडच मिळतात.

माशेलची_सून
फॉन्ट जुनाच आहे, आत्ताच विचारलं. 'ते काय असतं' म्हणाले आणि फाईल उघडून दाखवली. फाईली बदलायला वेगळा धागा काढते.

उंडो_पाव
त्या धाग्यावर मी येतो, ते काम मला येतं 😄